स्क्रंप: डोके मोठे झालेली बाहुली

डिस्नेच्या ‘लिलो अँड स्टिच’ या २००२ सालच्या चित्रपटात, आणि त्यातूनच पुढे निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत, लिलो नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलीकडे स्क्रंप नावाची एक बाहुली आहे. हिरवट कापडाची, बटणांच्या डोळ्यांची, टाके घालून तोंड शिवलेली आणि अंगाच्या मानाने फारच मोठ्या डोक्याची ही बाहुली लिलोने स्वतःच्या हातांनी केलेली आहे. परग्रहावरून आलेला निळा स्टिच जगभर इतका लोकप्रिय झाला की स्क्रंपकडे त्या मानाने फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मला मात्र दर वेळी वाटते की या साऱ्या कथेचे बीज त्या बाहुलीतच आहे, आणि आज त्याविषयीच सविस्तर लिहायचे आहे.

प्रसंग असा. हवाईतल्या काउआई बेटावरच्या एका लहानशा गावात हुला नृत्याचा वर्ग नुकताच संपला आहे. वर्गात लिलोची मर्टल नावाच्या मुलीशी झोंबाझोंबी झाली आहे, लिलो तिला चावलीसुद्धा आहे, आणि आता मर्टल व तिच्या मैत्रिणी आपापल्या विकतच्या सुबक बाहुल्या घेऊन खेळायच्या बेतात आहेत. लिलोला त्यांच्यात जायचे आहे. आपल्याकडेही बाहुली आहे हे दाखवण्यासाठी ती स्क्रंपला पुढे करते आणि सांगू लागते की हिला मीच केले आहे, पण डोके जरा मोठे झाले, म्हणून मी असे धरून चालते की एका किड्याने हिच्या कानांत अंडी घातली आहेत, आणि ही दुःखी आहे, कारण आता हिचे थोडेच दिवस उरले आहेत. तिचे सांगणे पुरे होण्याआधीच मुली निघून गेलेल्या असतात. लिलो एकटी उभी राहते, स्क्रंपला जमिनीवर फेकते आणि तरातरा चालू लागते. क्षणभर आपल्याला फक्त ती पडलेली बाहुली दिसते. मग लिलो परत येते, तिला उचलते, छातीशी घट्ट धरते आणि तशीच निघून जाते.

मी शनिवारी सकाळी काही मुलांना हातशिलाई शिकवते, त्यामुळे स्क्रंपचे डोके मोठे का झाले असेल हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. लहान मूल बाहुली करायला बसले की कागदावर आधी डोक्याचे वर्तुळ काढते, कारण त्याच्या लेखी माणूस म्हणजे मुख्यतः चेहरा. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या चित्रांत पुष्कळदा धड नसतेच. मोठ्या डोक्यालाच हातपाय फुटलेले असतात, आणि पुढे धड आले तरी डोक्याचे माप बराच काळ मोठेच राहते. तेच वर्तुळ कापडावर उतरते. कागदावर ते नुसते मोठे दिसते, पण कापूस भरला की सगळ्या बाजूंनी फुगते. गोल डोक्याची रुंदी दुप्पट झाली तर त्यात कापूस आठपट मावतो, आणि हा सगळा भार ज्या मानेवर यायचा ती मान मात्र दोन बोटांएवढीच ठेवलेली असते. शिवण उलट्या बाजूने घालून मग कापड सुलटे करायचे असते. मान अरुंद ठेवली तर एवढे मोठे डोके तिच्यातून उलटून बाहेर निघत नाही, रुंद ठेवली तर तिला जोर राहत नाही. सरावलेली माणसे अशा वेळी मानेत बांबूची काडी किंवा घट्ट गुंडाळलेली चिंधी घालतात. मुलांना ही युक्ती ठाऊक नसते, म्हणून त्यांनी केलेल्या बाहुल्यांची डोकी खांद्यावर कलतात, धावदोऱ्याचा एक टाका लांब आणि दुसरा आखूड पडतो, डोळ्यांची बटणे वरखाली बसतात आणि बगलेतून कापूस डोकावू लागतो. आपल्याकडे घरोघरी चिंध्यांच्या ज्या ठक्या होत असत, त्यांची स्क्रंप ही सख्खी बहीणच शोभेल.

डोके मोठे झाल्यावर पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप कात्रीकडे जातो. शिवण उसवावी, कापूस काढावा, वर्तुळ लहान करावे आणि पुन्हा शिवावे, असे आपण मुलाला सांगतो आणि त्यात आपली काही चूक आहे असेही आपल्याला वाटत नाही, कारण शिकवणे म्हणजे सुधारणे असेच आपण मानत आलो आहोत. काही मुले ते ऐकतात. काही मुले बाहुली दप्तराच्या तळाशी दडवतात आणि पुन्हा कधी बाहेर काढत नाहीत. लिलो यांतले काहीच करत नाही. डोके मोठे झाले आहे हे ती सर्वांसमोर आधीच सांगून टाकते आणि मग त्या मोठेपणाला कारण देते. जे हातून चुकले ते बाहुलीच्या बाबतीत घडलेली एक घटना होऊन बसते, आणि त्या क्षणापासून स्क्रंपला भूतकाळ मिळतो, दुखणे मिळते, मनःस्थिती मिळते. मर्टलच्या सुबक बाहुलीला यांतले काही नाही, कारण तिच्यात खुलासा करावा असे काही घडलेलेच नाही.

हे केवळ पटकथाकाराचे चातुर्य आहे असे कोणाला वाटेल, म्हणून वर्गातली एक गोष्ट सांगते. एका मुलीच्या बाहुलीचा डावा पाय उजव्याहून चांगला बोटभर आखूड झाला. शेजारच्या मुलाने ते लगेच दाखवून दिले. तिने बाहुली उचलून दोन्ही पाय शेजारी धरून पाहिले, थोडा विचार केला आणि शांतपणे सांगितले, “ती एस.टी.तून उभ्याने आली ना, पाय आखडलाय तिचा.” त्यानंतर बराच वेळ ती बाहुलीचा तो पाय चेपत बसली होती. मी पुढे केलेला कापसाचा पुंजका तिने परत माझ्या हातात दिला. पाय लांब करून घेण्याची तिला काही गरजच उरली नव्हती.

लिलोने स्क्रंपसाठी रचलेली गोष्ट मात्र एस.टी.च्या प्रवासाइतकी साधी नाही, आणि हुलाच्या वर्गातल्या मुली तिला घाबरून पांगतात यात त्यांचाही फार दोष धरता येत नाही. जिच्या कानांत अंडी आहेत आणि जिचे थोडेच दिवस उरले आहेत अशा बाहुलीशी कोण खेळणार? पण लिलोच्या घरात काय झाले आहे हे हळूहळू उलगडत जाते तेव्हा त्या गोष्टीचे वजन कळते. तिचे आईवडील मोटारीच्या अपघातात गेले आहेत, आणि त्या वेळी पाऊस पडत होता. थोरली बहीण नानी स्वतः अजून पुरती सावरलेली नसताना तिचा सांभाळ करते आहे, नोकरी टिकत नाही, आणि मुलीची नीट काळजी घेतली जात नाही असे दिसले तर तिला दुसरीकडे ठेवावे लागेल असे बजावणारा कोब्रा बबल्स हा सरकारी अधिकारी दारात उभा आहे. आपल्या माणसांचे थोडेच दिवस उरलेले असू शकतात, हे या मुलीला माहीत असलेले सत्य आहे. ते तिने कोणाशी बोलून दाखवलेले नाही. ते तिने बाहुलीच्या कानांत नेऊन ठेवले आहे.

तिची सारीच कल्पनाशक्ती अशी कामाला जुंपलेली आहे. वर्गाला उशीर होतो तो समुद्रातल्या पज नावाच्या माशाला शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच भरवायचे असते म्हणून, आणि ते भरवायचे असते कारण लिलोच्या मते हवामान तो मासा ठरवतो. पावसात आईवडील गेलेल्या मुलीने हवामान ठरवणाऱ्या माशाची मर्जी राखावी, याचा अर्थ चित्रपट कुठेही समजावून सांगत नाही, पार्श्वसंगीताने सुचवतही नाही. पाहणाऱ्याने दोन गोष्टी आपल्या आपण जोडायच्या. मला हा संयम फार मोलाचा वाटतो, कारण लहान मुलांसाठी म्हणून केलेल्या बहुतेक चित्रपटांना प्रत्येक भावना दोनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. वर्गातल्या मुलींचा राग आला तेव्हा लिलोने चमच्यांच्या बाहुल्या करून बरणीत बुडवल्या आहेत, तेही याच वृत्तीतून. प्रेम, भीती, राग, जे काही मनात दाटेल त्याला ती हातांनी एक आकार देते.

आता पुन्हा त्या फेकण्याकडे आणि परत येण्याकडे वळते, कारण माझ्या मते या प्रसंगातला सर्वांत खरा भाग तो आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. मुलांच्या आवडत्या गोधड्या, चिंध्या, अस्वले यांच्याविषयी त्यांनी १९५१ साली एक निबंध वाचला आणि तो १९५३ साली छापून आला. आईपासून आपण वेगळे आहोत हे मुलाला उमजू लागते तेव्हा अशी एखादी वस्तू त्या दोघांच्या मधल्या जागेत येते, असे त्यांचे म्हणणे. त्या वस्तूचे जे विशेष त्यांनी नोंदवले त्यांतले दोन मला स्क्रंपच्या संदर्भात नेहमी आठवतात. एक म्हणजे ही वस्तू मुलाशिवाय इतर कोणी बदलायची नसते. दुसरे म्हणजे मुलाचे प्रेम तिने सोसायचे असते, आणि त्याचा द्वेष व आक्रमकताही तिने सोसायची असते. फेकले, आपटले, ओरबाडले तरी जी तशीच शिल्लक राहते तिच्यावरच मुलाचा भरवसा बसतो.

लिलोचे वय विनिकॉट यांच्या निबंधातल्या तान्ह्या मुलांहून बरेच मोठे आहे आणि आईला तिने कायमचे गमावले आहे, म्हणून त्यांचा सिद्धांत इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी फेकलेल्या बाहुलीकडे परत येण्याची ती कृती त्यांच्या निरीक्षणाशी चोख जुळते. लिलोचा राग खरे म्हणजे निघून गेलेल्या मुलींवर असतो, आणि स्वतःवरही असतो. तो निघतो स्क्रंपवर, कारण तिथे राग काढला तरी कोणी निघून जाणार नाही. त्या मुली परत येत नाहीत, आईवडील परत येणार नाहीत, पण बाहुली जिथे पडली तिथेच असते आणि आपण परत जाऊ शकतो. उचलताना लिलो तिची माफी मागत नाही, तिच्याशी बोलतही नाही. फक्त धरते.

हे सारे ज्या हातांनी रेखाटले त्यांच्याविषयीही थोडे सांगायला हवे. ख्रिस सँडर्स यांनी स्टिचचे पात्र १९८५ साली मुलांच्या एका पुस्तकासाठी योजले होते. ते पुस्तक काही झाले नाही, आणि ते पात्र बरीच वर्षे बाजूला पडून राहिले. पुढे डिस्नेमध्ये त्यांनी डीन डेब्लुआ यांच्याबरोबर त्यातूनच हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. स्टिचचा आवाजही सँडर्स यांचाच आहे. चित्रपट डिस्नेच्या फ्लोरिडातल्या स्टुडिओत तयार झाला. त्यासाठी कलावंत काउआईला जाऊन आले, आणि तिथल्या हनापेपे या जुन्या गावाची छाप पडद्यावरच्या गावावर उमटली. पार्श्वभूमीची चित्रे जलरंगांत करायची, ही डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांतून कित्येक दशके मागे पडलेली पद्धत त्यांनी मुद्दाम पुन्हा आणली. जलरंगात एकदा लागलेला हात सहसा पुसता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच या चित्रपटातल्या भिंती, झाडे, ढग यांना कडा थोड्या विरघळलेल्या आहेत, ओलाव्याचे डाग आहेत. अशा जगात स्क्रंपसारखी बाहुली शोभून दिसते. संगणकावर घडवलेल्या गुळगुळीत जगात ती परकी वाटली असती, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. लिलोचे स्वतःचे डोकेही मोठे आहे. सँडर्स यांच्या चित्रशैलीत सगळीच माणसे गोलसर, जाड पावलांची, जमिनीवर भक्कम टेकलेली असतात, आणि त्यात लिलो तर लहान मूल, म्हणून तिचे डोके अंगाच्या मानाने चांगलेच थोराड आहे. तेव्हा स्क्रंपला हातात धरून ती “डोके मोठे झाले” म्हणते तेव्हा पाहणाऱ्याला नकळत दोन सारख्या आकृत्या एकीशेजारी एक दिसतात. मुलांच्या हातून होणारी बाहुली पुष्कळदा त्यांच्यासारखीच दिसते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. कुरळ्या केसांच्या मुलीच्या बाहुलीला उसवलेल्या लोकरीचे केस लागतात, आणि चष्मा लावणाऱ्या मुलाने केलेल्या माकडालाही तारेचा चष्मा येतो.

चित्रपटात पुढे स्टिच येतो. कुत्रा समजून घरी आणलेला हा प्राणी म्हणजे जुम्बा नावाच्या परग्रहवासी शास्त्रज्ञाचा ६२६ वा प्रयोग आहे आणि नासधूस करण्यासाठीच तो घडवलेला आहे. सारे जण सांगतात की तो परत देऊन टाक. लिलो काय करते? ती त्याचे चित्र काढते आणि तो किती वाईट आहे ते रंग भरून दाखवते, वाईटपणा फारच वर गेला आहे असे त्याला बजावते आणि त्यावर आपल्याला काहीतरी करायला हवे असे ठरवते. तिची पद्धत इथेही तीच आहे. दोष लपवायचा नाही, तो मोकळेपणाने सर्वांसमोर ठेवायचा, त्याला चित्रात किंवा गोष्टीत जागा द्यायची, आणि त्या दोषासकट त्या जिवाला आपला म्हणायचे. स्क्रंपवर तिने याची तालीम आधीच केलेली होती. चित्रपटाच्या शेवटी आईवडिलांसोबतच्या जुन्या कौटुंबिक छायाचित्रावर स्टिचचे छोटे छायाचित्र चिकटवलेले दिसते. तो तुकडा चिकटवलेला आहे हे स्पष्ट दिसते, कडा लपवलेल्या नाहीत.

माझ्या म्हणण्याला खरा आधार मिळतो तो २००३ ते २००६ या काळात डिस्ने चॅनेलवर चाललेल्या पासष्ट भागांच्या मालिकेत. तिथे स्टिचच्या आधीचे जुम्बाचे प्रयोग म्हणजे तब्बल ६२५ ‘चुलत भावंडे’. त्यांतली आधीच जागी झालेली दोन सोडून बाकीची ६२३ सुकवलेल्या लहान गोळ्यांच्या रूपात बेटावर विखुरली जातात आणि पाण्याचा स्पर्श झाला की एकेक जागे होते. प्रत्येक जण कसल्या ना कसल्या उपद्रवासाठी घडवलेला. गँटू नावाचा दांडगा परग्रहवासी त्यांना पकडून आपल्या दुष्ट मालकाकडे पाठवू पाहतो. लिलो आणि स्टिच त्यांना आधी गाठतात, क्रमांकाऐवजी नाव देतात आणि त्यांचा उपद्रव जिथे उपयोगी पडेल अशी जागा शोधून देतात.

या जागा पाहण्यासारख्या आहेत. स्पार्की हा विजेचे लोळ उठवणारा प्रयोग. त्याच्यामुळे बंद पडलेल्या दीपगृहाचा दिवा पुन्हा लागतो. जे दिसेल ते गोठवणारा स्लशी बर्फाचा गोळा विकणाऱ्या गाड्यावर रुजू होतो. केस खाऊन फुगत जाणाऱ्या क्लिपला केशकर्तनालयात काम मिळते. भेटेल त्याला बडवून काढणारा किक्स लोकांकडून व्यायाम करून घेऊ लागतो. टॉपर हा चांदणीच्या आकाराचा प्रयोग शत्रूच्या ताफ्याला वाट दाखवण्यासाठी प्रखर उजेड फेकणारा दिवा म्हणून घडवलेला असतो. तो नाताळच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतो. मला सर्वांत आवडते ती यिन आणि यँग यांची जोडी. एक पाण्याचे लोट सोडतो, दुसरा लाव्हा ओकतो, आणि दोघे एकमेकांसमोर आले की नवी जमीन तयार होते. हवाईची बेटे मुळात अशीच लाव्हा समुद्रात निवून तयार झाली आहेत आणि काउआई तर तिथल्या मुख्य बेटांपैकी सर्वांत जुने आहे, त्यामुळे ही कल्पना त्या भूमीतूनच उगवल्यासारखी वाटते.

मालिका चित्रपटाच्या तोडीची आहे असे मी म्हणणार नाही. रेखाटन साधे झाले आहे, जलरंगांची ती ओल फारशी उरलेली नाही, आणि पुष्कळ भाग एकाच साच्यातून निघालेले आहेत: प्रयोग जागा होतो, गोंधळ घालतो, पकडला जातो, जागी लागतो. डिस्नेच्या इतर मालिकांतली पात्रे पाहुणी म्हणून येतात ते भाग तर मला अगदीच अनावश्यक वाटतात. स्क्रंपच्या वाट्याला इथे गोष्टीचा भारही फारसा येत नाही. तरीही तो साचा कोणाचा आहे, हे लक्षात घ्यायला हवे. जन्मतःच काहीतरी बिघडलेल्या जिवाला कारण आणि जागा द्यायची, हा साचा लिलोने हिरवट कापड आणि बटणे घेऊन बसली तेव्हा तयार केलेला आहे. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना आणि सेनापतींना जे प्रयोग फसलेले किंवा घातक वाटले, त्यांच्याकडे ती मोठ्या डोक्याच्या बाहुलीची आई म्हणूनच पाहते.

६२५ व्या प्रयोगाची गोष्ट यात विशेष हृद्य आहे. त्याच्याकडे स्टिचच्या बहुतेक सगळ्या शक्ती आहेत, पण तो आळशी आहे आणि त्याला फक्त सँडविच करण्यात रस आहे. संपूर्ण मालिकाभर तो गँटूच्या यानात बसून सँडविच करतो आणि टोमणे मारतो, आणि सारे त्याला नुसत्या क्रमांकाने हाक मारतात. २००६ च्या ‘लिरॉय अँड स्टिच’ या समारोपाच्या चित्रपटात लिलो त्याला रूबेन हे नाव देते. एवढ्या भागांमध्ये शेकडो नावे दिल्यावर हे एक नाव इतके उशिरा यावे, आणि ते मिळताच त्या ऐतखाऊ जिवाने अंग झटकून उभे राहावे, यात मालिकेच्या लेखकांनी जाणीवपूर्वक धीर धरला आहे असे मला वाटते. सँडविच करणे त्याने सोडले नाही, आणि कोणी सोडायला लावलेही नाही. गँटूच्या यानावरचे स्वयंपाकघर त्याच्याकडे अधिकृतपणे येते.

स्क्रंप आता दुकानांतही मिळते. कारखान्यात नेमके तेवढेच वाकडे टाके घालून, बटणे तेवढीच विजोड बसवून, डोके ठरवून मोठे करून तिच्या हजारो प्रती निघतात. ती घेणाऱ्या मुलांना मी नावे ठेवणार नाही; आवडत्या पात्राची वस्तू जवळ असावी ही इच्छा निर्मळ आहे. पण ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी कोणत्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र म्हणून दोन पेट्या दाखवल्या. प्रत्यक्षात ती हातचलाखी होती. साध्या खेळण्यांची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. ज्यांच्याकडे रोज कुशीत घेऊन झोपायची एखादी वस्तू होती, त्यांच्यातल्या काहींनी मात्र ती यंत्रात घालायलाच नकार दिला, आणि ज्यांनी घातली त्यांच्यातल्या बहुतेकांनी नक्कल नाकारून मूळचीच परत मागितली. नक्कल दिसायला तंतोतंत तशीच असेल हे त्यांना पटलेले होते. तरी त्यांना हवी होती ती त्यांच्या स्वतःच्या इतिहासातली वस्तू.

म्हणून वर्गात कोणी “आपण स्क्रंप शिवू या का” असे विचारले तर मी तिचा नमुना काढून देत नाही. चिंध्यांची पिशवी आणि बटणांचा डबा मुलांपुढे ठेवते, आणि डोके कलू लागले तर मानेत काडी घालता येते एवढे सांगते. काडी घालायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे. बाहुली धुवायची झाली, उसवलेला टाका भरायचा झाला, तरी घरच्यांनी आधी मुलाला विचारावे, असेही मी पालकांना आवर्जून सांगते. एका बाहुलीच्या पोटावरचा चहाचा डाग आईने मायेने घासून काढला आणि मुलगा हमसून रडला, कारण तो डाग म्हणजे त्याच्या बाहुलीची बेंबी होती.

ज्यांना हे सारे क्रमाने पाहायचे असेल त्यांनी २००२ चा चित्रपट आधी पाहावा. मग २००५ साली आलेला, पण कथेत त्याच्या लगेच नंतर घडणारा ‘स्टिच हॅज अ ग्लिच’, त्यानंतर मालिकेची सुरुवात करून देणारा २००३ चा ‘स्टिच! द मूव्ही’, मग मालिकेतले निवडक भाग आणि अखेरीस ‘लिरॉय अँड स्टिच’, असा क्रम ठेवावा. प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेला २०२५ चा नवा चित्रपट हाताने रंगवलेल्या मूळ चित्रपटानंतरच पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हुलाच्या वर्गाबाहेरचा प्रसंग मूळ चित्रपटाच्या अगदी सुरुवातीच्या भागात येतो आणि पाहता पाहता संपतो. मुलांसोबत पाहत असाल तर त्यानंतर लगेच काही विचारू नका. त्यांना बोलायचे असेल तर स्क्रंपविषयी ती आपण होऊनच बोलतील.